'फ्री रायडर' या संकल्पनेचा आर्थिक विचारातील इतिहास

प्रास्ताविक

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत सार्वजनिक वित्त शिकवताना 'फ्री रायडर' ही संकल्पना बहुधा एखाद्या तासिकेत आटोपते. ज्या वस्तूच्या उपभोगातून कोणालाही वगळता येत नाही, त्या वस्तूसाठी स्वेच्छेने पैसे देण्यात कोणाचेच हित नसते. परिणामी बाजार ती वस्तू पुरवू शकत नाही आणि शासनाला पुढे यावे लागते, असा युक्तिवाद फळ्यावर मांडला जातो. उदाहरण म्हणून दीपगृह किंवा राष्ट्रसंरक्षण सांगितले जाते आणि विद्यार्थी पुढील प्रकरणाकडे वळतात. या मांडणीतून नकळत असा समज रुजतो की, हे मानवी स्वभावाविषयीचे एक सनातन सत्य असून अर्थशास्त्राने त्याला केवळ नाव दिले.

विचारांचा इतिहास तपासला असता हा समज टिकत नाही. इतरांच्या श्रमाचा लाभ घेऊन आपला वाटा चुकवणारा माणूस प्राचीन काळापासून परिचित आहे, यात शंका नाही. तथापि, वाटा चुकवणे हे विवेकाला धरून आहे, आणि मोठ्या समूहात सर्वांचे हित एकच असूनही प्रत्येक विवेकी व्यक्तीने हात आखडता घेणे अटळ आहे, हा सिद्धान्त त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. तो प्रामुख्याने विसाव्या शतकात घडला. वर्तनाची ओळख आणि वर्तनाचा सिद्धान्त यांत अंतर आहे. हे अंतर कसे कापले गेले, त्यासाठी कोणती गृहीतके स्वीकारावी लागली आणि ती किती टिकाऊ ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाचा उगम

'फ्री रायडर' हा शब्द अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासिकेत जन्मलेला नाही. तो अमेरिकेतील रोजच्या बोलण्यातून आला. भाडे न देता प्रवास करणारा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. अमेरिकन रेल्वे कंपन्या राजकारणी, पत्रकार आदी मंडळींना मोफत पास वाटत असत आणि ही प्रथा इतकी बोकाळली होती की १९०६ च्या हेपबर्न कायद्याने तिच्यावर निर्बंध घालावे लागले. विसाव्या शतकात हा शब्द कामगार चळवळीने उचलला. संघटनेची वर्गणी न भरता तिने मिळवून दिलेली वेतनवाढ घेणारा कामगार म्हणजे 'फ्री रायडर', असा त्याचा अर्थ रूढ झाला.

या अर्थाला धार आली ती कायद्यामुळे. १९३५ च्या वॅगनर कायद्याने बहुमताने निवडलेल्या संघटनेस त्या घटकातील सर्व कामगारांचे प्रतिनिधित्व दिले. ते देताना सभासद आणि बिगरसभासद असा भेद ठेवला नाही. साहजिकच करार सर्वांसाठी आणि वर्गणी मात्र काहींचीच, अशी परिस्थिती उद्भवली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याच्या वेळी सभासदत्वाची सक्ती असावी की नसावी या वादात हा शब्द दोन्ही बाजूंना परिचित होता. म्हणजे अर्थशास्त्राच्या पारिभाषिक कोशात दाखल होण्यापूर्वीच तो एक आरोप होता. मराठीत 'फुकट्या' म्हटले की जो ठपका ध्वनित होतो, तोच मूळ इंग्रजी शब्दात होता. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तो घेतला तेव्हा त्यातील ठपका काढून टाकण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो पूर्णपणे साधला नाही, हे पुढे दिसून येईल.

कौटिल्य आणि ह्यूम: वर्तन ज्ञात, निदान वेगळे

भारतीय वाचकाने या इतिहासाचा आरंभ कौटिलीय अर्थशास्त्रापासून करण्यास हरकत नाही. या ग्रंथाच्या रचनाकाळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, परंतु रा. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या आणि मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रकाशित केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे त्याची संहिता अभ्यासकांना विश्वसनीय स्वरूपात उपलब्ध आहे. दुसऱ्या अधिकरणातील जनपदनिवेशाच्या प्रकरणात, अनेकांनी मिळून बांधावयाच्या सेतूच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या कामातून जो अंग काढून घेईल त्याच्याविषयी एक नियम आहे. त्याचे मजूर आणि बैल यांनी काम करावे, खर्चाचा वाटा त्याने उचलावा, मात्र लाभातील हिस्सा त्याला मिळू नये, असे तेथे सांगितले आहे.

याहूनही बोलका नियम तिसऱ्या अधिकरणात आढळतो. गावाने मिळून करावयाच्या प्रेक्षेसाठी, म्हणजे खेळ-तमाशासारख्या प्रयोगासाठी, जो आपला वाटा देणार नाही त्याने आपल्या माणसांसह तो पाहू नये. त्याने लपून पाहिले किंवा ऐकले, तर त्याच्याकडून दुप्पट वाटा घ्यावा. सर्वांच्या हिताच्या कामात अडथळा आणणाऱ्यालाही हाच दंड लागू केला आहे. वर्गणी न देता मांडवाच्या कनातीआडून खेळ पाहणारा गावकरी शास्त्रकाराला चांगलाच ठाऊक होता, असे यावरून दिसते. विशेष म्हणजे 'वगळणे' हा उपाय येथे आहेच, आणि जेथे वगळणे व्यवहारात जमत नाही तेथे दंडाची योजना आहे. 'लपून ऐकणे' हा शब्दप्रयोग पाहावा. आवाजाला भिंत घालता येत नाही, हे भान त्यामागे आहे. परंतु असे का घडते, याचे कोणतेही स्पष्टीकरण येथे नाही. वाटा चुकवणे हे कर्तव्यच्युती म्हणून गृहीत धरले आहे आणि प्रश्न केवळ तिच्या बंदोबस्ताचा आहे.

स्पष्टीकरणाचा पहिला सखोल प्रयत्न डेव्हिड ह्यूमच्या लेखनात आढळतो. मानवी स्वभावावरील त्याच्या प्रबंधाच्या १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात शासनसंस्थेच्या उगमाची चर्चा आहे. दोन शेजारी मिळून समाईक कुरणातील साचलेले पाणी काढून टाकण्याचे सहज ठरवू शकतात. एकमेकांचे मन त्यांना कळते आणि आपण माघार घेतली तर सगळेच काम बारगळेल, हे प्रत्येकाला समोर दिसत असते. परंतु हजार माणसांना हेच काम करावयाचे असेल, तर आधी योजना जुळवणेच कठीण आणि जुळली तरी ती तडीस नेणे त्याहून कठीण. कारण कष्ट आणि खर्च टाळण्यासाठी प्रत्येक जण निमित्त शोधतो आणि सारा भार इतरांवर टाकू पाहतो. पूल, बंदरे, तटबंदी, कालवे ही कामे शासनाच्या हातून होतात ती यामुळेच.

हा उतारा आजच्या सिद्धान्ताच्या इतका जवळ वाटतो की पुष्कळ पाठ्यपुस्तके ह्यूमला 'फ्री रायडर' समस्येचा जनक ठरवून मोकळी होतात. तथापि, ज्या प्रकरणात हा उतारा येतो, त्याचा रोख वेगळा आहे. माणसे दूरच्या मोठ्या हितापेक्षा जवळच्या लहान हिताकडे ओढली जातात, हा ह्यूमच्या विवेचनाचा गाभा होय. त्याच्या मते ही मनाची दुर्बलता आहे. माणसाला आपले खरे हित कळते, पण वळत नाही. राज्यकर्ते मात्र अशा स्थितीत असतात की न्यायाचे पालन हेच त्यांचे जवळचे हित बनते. म्हणजे ह्यूमचा कुरणमालक चुकत आहे. ऑल्सनचा माणूस, जो सव्वादोनशे वर्षांनी अवतरणार होता, तो मुळीच चुकत नाही. त्याचा हिशेब बिनचूक आहे. हा फरक वरवरचा नाही.

अभिजात परंपरा

अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ मधील ग्रंथात सार्वजनिक कामांविषयी प्रसिद्ध विवेचन आहे. काही कामे समाजाला अत्यंत लाभदायक असली तरी त्यांतून कोणाही एका व्यक्तीचा किंवा लहान गटाचा खर्च भरून निघणार नाही. म्हणून ती राज्याने करावीत, असे तो म्हणतो. परंतु व्यक्ती आपली पसंती लपवील, ही कल्पना तेथे नाही. उलट मालकांच्या संगनमताविषयी स्मिथ जे लिहितो ते आजच्या वाचकाला चकित करणारे आहे. वेतन वाढू नये यासाठी मालक सदैव आणि सर्वत्र मूकपणे एकत्र असतात, आणि हा अलिखित करार मोडणाऱ्या मालकाला शेजारी-पाजाऱ्यांत नाव ठेवले जाते, असे त्याचे निरीक्षण आहे. एखादा मालक जास्त वेतन देऊन चांगले कामगार पळवील आणि संगनमत आतून फुटेल, ही शक्यता त्याला महत्त्वाची वाटत नाही. समान हित असलेली माणसे, विशेषतः संख्येने थोडी असल्यास, एकत्र येतातच, असे तो मानून चालतो.

विल्यम फॉर्स्टर लॉइड याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकसंख्येवरील व्याख्यानांत समाईक कुरणावरील रोड जनावरांचे उदाहरण दिले. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात समाईक मालमत्तेच्या शोकांतिकेवर लिहिताना लॉइडला पुन्हा उजेडात आणले.

जॉन स्टुअर्ट मिल मात्र अधिक थांबून वाचण्याजोगा आहे. १८४८ मधील त्याच्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात दीपगृहाचे उदाहरण येते ते सर्वांना माहीत असते. त्याच प्रकरणातील कामाच्या तासांचे उदाहरण सहसा कोणी उद्धृत करीत नाही. समजा, कामाचे तास दहावरून नऊ केल्यास मजुरी कमी न होता सर्व कामगारांचा फायदा होणार आहे. मग कामगारांनी ते आपणहून का करू नये? मिलचे उत्तर असे की, इतर दहा तास काम करीत असताना एकट्याने नऊ तासांचा आग्रह धरला, तर त्याला कामच मिळणार नाही किंवा मजुरीचा दहावा भाग गमवावा लागेल. बहुसंख्यांनी नियम पाळला तरीही प्रश्न सुटत नाही. नियम पाळणारे जितके अधिक, तितका तो मोडणाऱ्याचा फायदा अधिक. म्हणून सर्वांच्या इच्छेला परिणामकारक करण्यासाठी कायद्याचे पाठबळ लागू शकते. या काही ओळींत विसाव्या शतकातील 'कैद्यांच्या पेचा'ची जवळजवळ संपूर्ण रचना आहे. पण मिलला यातून निराशाजनक निष्कर्ष काढावासा वाटला नाही. कामगारांना कायदा हवा असेल आणि तो ते मागतील, एवढे त्याला पुरेसे वाटले. कायदा मागण्यासाठी एकत्र येणे हीदेखील एक सामूहिक कृती आहे आणि तेथेही हाच पेच उभा राहील, असा प्रश्न त्याने उपस्थित केला नाही. तो प्रश्न ऑल्सनने विचारला.

विक्सेल ते सॅम्युएलसन

निर्णायक पाऊल पडले ते युरोपातील सार्वजनिक वित्ताच्या परंपरेत. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ क्नूट विक्सेल याने १८९६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कररचनेच्या लाभतत्त्वाची चिकित्सा केली. सार्वजनिक सेवांचा जेवढा लाभ तेवढा कर प्रत्येकाने द्यावा, हे तत्त्व ऐकावयास न्याय्य वाटते. पण व्यक्तीने आपले समाधान जास्तीत जास्त व्हावे अशा रीतीने पैसा वाटावयाचा ठरवला, तर ती सार्वजनिक कामासाठी काहीच देणार नाही, असे विक्सेलने दाखवून दिले. कारण तिने थोडे दिले काय किंवा पुष्कळ दिले काय, सेवेच्या एकूण व्याप्तीवर त्याचा परिणाम इतका नगण्य असतो की तिला तो जाणवणारच नाही. येथे 'नगण्यता' हा शब्द प्रथमच युक्तिवादाच्या केंद्रस्थानी आलेला दिसतो. विक्सेलने यावर सुचवलेला उपाय राजकीय होता. प्रत्येक खर्च आणि त्यासाठीचा कर यांवर एकत्र मतदान घ्यावे आणि जवळजवळ एकमताची अट ठेवावी, असे त्याचे म्हणणे होते. एरिक लिंडालने १९१९ मध्ये हा विचार पुढे नेला. विक्सेलच्या ग्रंथातील महत्त्वाचा भाग इंग्रजीत उपलब्ध व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्या आपल्या विद्यापीठांना त्याचा परिचय उशिरा झाला तो त्यामुळेच.

इटलीत विल्फ्रेडो पारेतोने १९१६ मधील समाजशास्त्रावरील ग्रंथात याच स्वरूपाचा मुद्दा मांडला. सर्वांनी एखादी कृती टाळल्यास प्रत्येकाचा समाजघटक म्हणून फायदा होत असला, तरी बाकीचे ती टाळत असताना एकट्याने ती केली तर समाजाचे नुकसान अल्प आणि त्याचा स्वतःचा लाभ मोठा असतो. म्हणून समूहाच्या हितावरून व्यक्तीच्या कृतीचा निष्कर्ष काढता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

हे सारे धागे पॉल सॅम्युएलसनने १९५४ मध्ये अवघ्या काही पानांच्या निबंधात एकत्र केले. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा उपभोग कमी होत नाही, अशा वस्तूंची गणिती व्याख्या त्याने दिली आणि त्यांच्या इष्टतम पुरवठ्याची अट काढून दाखवली. त्याचबरोबर कोणतीही विकेंद्रित मूल्यव्यवस्था ही अट पूर्ण करू शकणार नाही, कारण आपल्याला त्या वस्तूची जेवढी गरज आहे त्याहून ती कमी असल्याचे भासवणे प्रत्येकाच्या स्वार्थाचे असते, असे त्याने स्पष्ट केले. 'फ्री रायडर' हा शब्द या निबंधाच्या आशयाला पुढे इतका घट्ट चिकटला की तो सॅम्युएलसनचाच वाटावा. वस्तुतः अर्थशास्त्रात तो रुळवण्यात जेम्स ब्यूकॅनन यांचा वाटा मोठा आहे. गंमत अशी की, ब्यूकॅनन यांनाच तो शब्द खटकत होता. १९६८ मधील सार्वजनिक वस्तूंवरील आपल्या पुस्तकात त्यांनी नमूद केले की, या शब्दामुळे व्यक्ती मुद्दाम डाव टाकून इतरांना लुबाडते असा भास होतो. मोठ्या समूहात असा डाव नसतोच. तेथे व्यक्ती इतरांचे वर्तन हवामानासारखे दिलेले मानून आपल्यापुरता निर्णय घेते. 'फुकट्या' हा मराठी प्रतिशब्द वापरताना नेमका हाच घोटाळा होतो.

ऑल्सन आणि पूर्ण स्पर्धेची सावली

नॉर्थ डकोटातील शेतकरी कुटुंबातून आलेल्या मँकर ऑल्सन यांचा सामूहिक कृतीच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथ १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रकाशित केला. तोपर्यंत राज्यशास्त्रात असे मानले जात असे की, समान हितसंबंध असलेली माणसे त्या हितासाठी संघटित होतात. ऑल्सन यांनी हे गृहीतकच उलटे केले. गट फार लहान असेल किंवा सक्ती वा अन्य विशेष साधन उपलब्ध असेल तरच विवेकी आणि स्वहितदक्ष व्यक्ती समूहाच्या हितासाठी झटतील. अन्यथा नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कामगार संघटना सभासदत्वाची सक्ती का मागतात, अमेरिकन वैद्यक संघटना सभासदांना नियतकालिक आणि खटल्यांत साहाय्य का पुरवते, याचे उत्तर त्यांनी 'निवडक प्रलोभने' या कल्पनेतून दिले. मार्क्सच्या वर्गसंघर्षाच्या सिद्धान्तावरील त्यांची टीकाही याच धर्तीची आहे. कामगार निष्क्रिय राहिले यावरून ते विवेकी नव्हते असे ठरत नाही. विवेकी असल्यामुळेच ते निष्क्रिय राहिले.

या युक्तिवादाची मुळे कोठे आहेत, हे ऑल्सन यांनी पहिल्याच प्रकरणात उघड केले आहे. पूर्ण स्पर्धेतील उद्योगसंस्थांचे समान हित किंमत चढी राहण्यात असते. तरीही प्रत्येक संस्था उत्पादन वाढवत जाते आणि किंमत पाडते. कारण एकट्या संस्थेचे उत्पादन बाजाराच्या तुलनेत नगण्य असते. बाजारातील उत्पादकाबद्दलचे हे विधान ऑल्सन यांनी संघटनेच्या सभासदाला, मतदाराला आणि नागरिकाला लावले. सिद्धान्ताचे सामर्थ्य या साम्यात आहे आणि त्याचा दुबळा दुवाही तेथेच आहे.

हा दुवा केंब्रिजमध्ये घडलेले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करणारे राजकीय विचारांचे इतिहासकार रिचर्ड टक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तपासला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कूर्नोने १८३८ मध्ये नगण्य उत्पादकाची कल्पना मांडली असली, तरी एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञ स्पर्धेकडे तशा दृष्टीने पाहत नव्हते. समान हित असणाऱ्यांनी सहकार्य करणे त्यांना स्वाभाविक वाटे. नगण्य योगदान म्हणजे शून्य योगदान, हे समीकरण विसाव्या शतकात पूर्ण स्पर्धेच्या प्रतिमानाबरोबर रूढ झाले. टक यांनी या समीकरणाची तुलना प्राचीन ग्रीकांच्या ढिगाच्या कोड्याशी केली आहे. धान्याचा एक दाणा काढल्याने ढीग नाहीसा होत नाही, म्हणून कितीही दाणे काढले तरी ढीग उरेलच, असा तो फसवा तर्क. आपल्याकडे 'थेंबे थेंबे तळे साचे' असे म्हणतात. ऑल्सनचा तर्क प्रत्येक थेंबाला स्वतंत्रपणे सांगतो की तुझ्यावाचून तळ्याचे काही अडत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हा तत्त्वज्ञानातील प्रश्न अर्थशास्त्राने सुटला असे समजून बाजूला ठेवला, असा टक यांच्या विवेचनाचा मथितार्थ सांगता येईल. पूल बांधावयास विशिष्ट किमान रक्कम लागत असेल आणि ती जमण्याजोगी असेल, तर ती पुरी करणाऱ्यांपैकी एक होणे हे कार्यकारणाच्या दृष्टीने व्यर्थ मुळीच नाही, असाही त्यांचा मुद्दा आहे. तो सर्वांना पटलेला नाही. पण त्याला उत्तर देणे सोपेही नाही.

अनुभवाची कसोटी

ऑल्सनच्या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, १९६८ मध्ये, पॅरिसपासून अनेक शहरांत लाखो लोक कोणत्याही निवडक प्रलोभनाविना रस्त्यावर उतरले. सामूहिक कृती अशक्य ठरवणारे पुस्तक नेमके अशा वेळी गाजावे, यातील विसंगतीवर आल्बर्ट हिर्शमन यांनी १९८२ मध्ये मार्मिक भाष्य केले आहे. त्यांच्या मते सार्वजनिक कार्यासाठी केलेली धडपड हा नेहमीच 'खर्च' नसतो. कित्येकदा ती स्वतःच लाभाचा भाग असते.

पाठ्यपुस्तकांचे लाडके दीपगृहही वादात सापडले. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये ब्रिटिश दीपगृहांचा इतिहास तपासून दाखवले की, मिलपासून सॅम्युएलसनपर्यंत सर्वांनी हे उदाहरण प्रत्यक्ष माहिती न घेताच वापरले होते. इंग्लंडमध्ये राजाकडून सनद मिळवून खाजगी व्यक्तींनी दीपगृहे उभारली होती आणि बंदरात येणाऱ्या जहाजांकडून प्रकाशपट्टी वसूल केली जात होती. १८३६ च्या कायद्याने ही खाजगी दीपगृहे ट्रिनिटी हाउस या संस्थेकडे सोपवण्यात आली. कोस यांचा हा निबंध बाजाराच्या बाजूने दिलेला निर्विवाद पुरावा म्हणून अनेकदा वापरला जातो. ते मात्र योग्य नव्हे. पट्टी वसूल करण्याचा अधिकार राजसत्तेनेच दिलेला होता आणि ती चुकवणाऱ्या जहाजाला बंदरात अडवता येत होते, याकडे नंतरच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. कौटिल्याच्या दंडाची येथे आठवण व्हावी.

प्रयोगांतून मिळालेला पुरावाही एकसंध नाही. पेटर बोम यांनी स्टॉकहोममध्ये केलेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी पैसे देण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींमुळे लोकांनी सांगितलेल्या रकमेत लक्षणीय फरक पडला नाही. अध्यापकांना सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष जेराल्ड मारवेल आणि रूथ एम्स यांचा, १९८१ मधील आहे. त्यांच्या प्रयोगांत सामान्य सहभागींनी आपल्या वाट्याच्या साधनांपैकी साधारणतः ४० ते ६० टक्के हिस्सा सामूहिक खात्यात टाकला. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मात्र सुमारे २० टक्केच. हे विद्यार्थी मुळातच तसे होते की आपण शिकवले म्हणून तसे झाले, याचा निर्णय त्या प्रयोगाने होत नाही. पुढील संशोधनात, एकच खेळ पुनःपुन्हा खेळल्यास योगदान घटत जाते आणि चुकारांना दंड करण्याची मुभा सहभागींना दिली तर ते पुन्हा वाढते, असे आढळले. एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांचा २००० मधील निबंध या संदर्भात महत्त्वाचा आहे. स्वतःच्या पदरचे खर्चून दुसऱ्याला दंड करणे हेही ऑल्सनच्या दृष्टीने अविवेकीच. तरी माणसे ते करतात.

एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी १९९० मधील ग्रंथात हेच प्रत्यक्ष गावांत दाखवले. स्वित्झर्लंडमधील टर्बेल गावाची कुरणे, स्पेनमधील वॅलेन्सियाचे पाटपाणी, जपानमधील समाईक जंगले येथे लोकांनी शतकानुशतके स्वतःच नियम केले, स्वतःच राखण ठेवली आणि चुकारांना आधी सौम्य आणि मग कडक दंड केला. पाणीवाटपासाठी पाटकरी नेमून एका फडात एकच पीक घेणाऱ्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीशी परिचित असलेल्या वाचकाला या वर्णनात अनोळखी असे काही वाटणार नाही. ऑस्ट्रोम यांना २००९ मध्ये ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी 'फ्री रायडर'चे अस्तित्व नाकारलेले नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्यांच्या प्रत्येक उदाहरणात तो आहे. परंतु त्याच्यावर नजर ठेवणारा शेजारीही आहे. स्मिथच्या मालकांना शेजाऱ्यांच्या ज्या नापसंतीची धास्ती होती, ती येथे संस्थेचे रूप घेऊन परतली आहे.

न्यायालयातील सिद्धान्त

ही चर्चा केवळ विद्वानांपुरती राहिलेली नाही. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांवर, ते संघटनेचे सभासद असोत वा नसोत, बंधनकारक केला होता. वर्गणीची सक्ती मात्र केली नव्हती. वर्गणी गोळा करताना संघटनांना येणारी अडचण या तरतुदीच्या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९७७ च्या अबूड खटल्यात, बिगरसभासद सरकारी कर्मचाऱ्यांकडून वाटाघाटींच्या खर्चापुरते शुल्क घेण्यास न्यायालयाने परवानगी दिली. फुकट लाभ घेण्याची प्रवृत्ती रोखणे हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. जून २०१८ मध्ये जॅनस खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी तो निर्णय रद्द झाला. अल्पमतातील न्यायमूर्ती एलेना केगन यांनी, शुल्क नसेल तर लाभ सर्वांना आणि खर्च काहींना अशा स्थितीत विवेकी कर्मचारी वर्गणी थांबवतील, असा अर्थशास्त्रीय युक्तिवाद केला. बहुमताचा निर्णय लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी, फुकट लाभ टाळणे हे हेतू म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील बंधनाचे समर्थन करण्यास पुरेसे नाही, असे ठरवले.

त्या निर्णयपत्रात याचिकाकर्त्या कर्मचाऱ्याचे म्हणणेही नोंदवले आहे. 'फ्री रायडर' या संबोधनालाच त्याचा तीव्र आक्षेप होता. आपल्याला जेथे जायचे आहे तेथे निघालेल्या बसमध्ये तिकीट न काढता बसलेला प्रवासी आपण नाही. नको असलेल्या सफरीवर बळजबरीने जहाजात चढवलेला माणूस आहोत, असे त्याने न्यायालयाला सांगितले होते.